विद्यार्थ्यांचा वग आणि त्याची वही

थंडी ओसरू लागली की आपल्याकडील महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. मैदानात मांडव पडतो, ध्वनिक्षेपकाची घरघर चालू होते, आणि ज्या मुलाचा आवाज वर्गात वर्षभर कोणी ऐकलेला नसतो तो एकदम राजाचा फेटा बांधून रंगमंचावर येतो. "प्रधानजी, आमच्या राज्यात सर्व काही ठीक आहे ना?" असे तो विचारतो. प्रधानजी उत्तर देतात, "महाराज, ठीक नसायला आपल्या राज्यात काय आहे?" मागे उभी असलेली पोरे शिट्ट्या वाजवितात. पहिल्या रांगेतील वडीलधारी मंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहतात आणि मग हसतात. हसावे की न हसावे, या विचारात गेलेला तो एक क्षण हाच आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेला, स्वतः चाली लावलेला आणि स्वतःच वठविलेला गाण्याबजावण्याचा विनोदी खेळ ही गोष्ट जगातील पुष्कळ विद्यापीठांत दिसते. पाश्चात्य देशांत तिला 'रेव्ह्यू' म्हणतात. शब्द मूळ फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ आढावा असा आहे. सरलेल्या वर्षात काय काय घडले, कोण कोण कसे वागले, याचा हसत हसत घेतलेला झाडा म्हणजे रेव्ह्यू. त्यात एक सलग कथा असतेच असे नाही. चार प्रवेश, पाच गाणी, दोन नकला आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटलेले एक पद, एवढ्यावर खेळ उभा राहतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'हेस्टी पुडिंग' या मंडळाच्या विद्यार्थ्यांनी आपला पहिला नाट्यप्रयोग १८४४ साली केला. इंग्लंडमधील केंब्रिजच्या 'फुटलाइट्स' मंडळाचा जन्म १८८३ चा आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील 'व्हार्सिटी शो'चा १८९४ चा. या तिन्ही परंपरा आजही चालू आहेत. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो, परंतु खेळ मात्र शतकाहून अधिक काळ टिकतो, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, ही तिकडची कौतुके झाली, आपल्याकडे हे कोठून असणार? आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. आपल्याकडे हा खेळ फार जुना आहे. त्याला नाव दुसरे आहे, एवढेच.

तमाशाचा बांध पाहा. आरंभी गण होतो, म्हणजे गणेशाला वंदन. मग गवळण येते. गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, त्यांच्या पुढे मावशी असते, आणि वाटेत कृष्ण व पेंद्या त्यांना अडवितात. ही मावशी बहुधा पुरुषच होतो आणि तिच्या तोंडी येणारे बोल प्रत्येक गावात निराळे असतात. गावातील ताजी भानगड सकाळी कानावर आली की संध्याकाळी ती मावशीच्या तोंडी आलीच म्हणून समजावे. त्यानंतर बतावणी. तीत सोंगाड्या आणि सरदार यांच्या सवालजबाबात चालू काळाची खिल्ली उडविली जाते. सर्वांत शेवटी वग, म्हणजे राजा, प्रधान, हवालदार, राणी यांची गोष्ट. साथीला ढोलकी, तुणतुणे, झांज आणि मागे सूर धरणारे झीलकरी. परदेशी विद्यार्थ्यांनी 'रेव्ह्यू' म्हणून जे जुळविले त्याचे सारे सुटे भाग या बांध्यात आहेत. प्रसंगानुरूप गाणे आहे, ताजा विनोद आहे, सोंग आहे, आणि मोठ्यांना चिमटा काढण्याची परवानगीही आहे.

या बांध्यात एक शहाणपण आहे, ते ध्यानात घ्यावे. वगातील राजा हा कोणत्याच देशाचा नसतो, म्हणून तो कोणीही असू शकतो. तो सरपंच होतो, मामलेदार होतो, संस्थेचा चिटणीस होतो, वसतिगृहाचा रेक्टरही होतो. ज्याला टोपी बसते तो गप्प राहतो, कारण 'हा मीच' असे बोलून दाखविणे त्याला परवडत नाही. सत्तेला तोंडावर बोलण्याची सोय ज्या समाजात थोडी होती, त्याने काढलेली ही युक्ती आहे.

विसाव्या शतकात या बांध्याचा उपयोग शहाण्या माणसांनी जाणून केला. गणेशोत्सवातील मेळ्यांत मुले कवायतीने उभी राहून पदे आणि संवाद म्हणत, आणि त्या पदांवर इंग्रज सरकारची नजर असे. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी गण-गवळणीचा साचा घेऊन त्यात नवा विचार भरला. गवळणीच्या जागी शिक्षणाची महती आली आणि मावशीच्या थट्टेच्या जागी भिक्षुकशाहीवरचे व जातिभेदावरचे आसूड आले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. तमाशाचे 'लोकनाट्य' झाले त्यात अण्णा भाऊंचा वाटा मोठा आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने हाच साचा तरुणांच्या हाती दिला आणि पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' त्याच वाटेने रंगमंचावर आले. वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये आले, त्यानंतर तर वगाची भाषा शहरातल्या सुशिक्षितांच्या जिभेवरही बसली. महाविद्यालयातील मुलांनी वग लिहावयास घेतला तो हा असा, वापरून मऊ झालेला.

तो लिहिला कसा जातो हेही सांगितले पाहिजे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो आपोआप होतो असे वाटते. आधी चाल ठरते, शब्द मागून येतात. सर्वांच्या ओठांवर असलेली एखादी चाल घ्यावयाची आणि तिच्यात वसतिगृहातील पातळ आमटी बसवावयाची. ऐकणाऱ्याच्या मनात मूळ गाणे वाजत असते, आणि मूळ शब्दाच्या जागी आमटी आली की तो अर्ध्या ओळीतच हसतो. ही विडंबनाची साधी कळ आहे. मग गवळण. गवळणी बाजाराला नव्हे, तर एस. टी.च्या पासासाठी निघालेल्या असतात आणि वाट अडविणारा कृष्ण नसून खिडकीवरचा कारकून असतो. मग वग. त्याची गोष्ट पानभरच लिहिलेली असते, बाकीची तालमीत वाढते. ज्याला ओळ सुचेल त्याने ती म्हणावी, सर्व हसले तर राहावी, नाही तर जावी. म्हणून अशा वगाला एक लेखक नसतो. एका मुलाचे अक्षर चांगले असते, तो वहीत उतरवून घेतो, आणि पुढे त्यालाच लेखक म्हणतात.

आमच्या भागात या लेखनाला आणखी एक धन मिळालेले आहे. उमरगा हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कर्नाटकाची सीमा हाकेच्या अंतरावर. आठवडी बाजारात मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच तागडीत तोलल्या जातात. त्यामुळे आमच्या वगातला राजा पुस्तकी मराठी बोलतो, हवालदार दखनीत दम देतो आणि व्यापारी कानडी हेलात भाव सांगतो. भाषेच्या या उलथापालथीतच निम्मा विनोद पिकतो. मराठवाड्याच्या बोलीला कोणी कमी लेखू नये. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकविणारे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात तीच बोली घेऊन सातासमुद्रापार प्रेक्षागृहे भरविली.

आता थोडे आमच्याविषयी. आम्ही याच भागातील एका महाविद्यालयात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. १९७२ चा दुष्काळ पडला होता. वर्गातील निम्मी मुले सुटीत खडी फोडावयास जात, आणि सुकडीच्या पिशव्या वसतिगृहातही आलेल्या होत्या. स्नेहसंमेलन साधेपणाने करावे असे ठरले. मांडव नव्हता, रोषणाई नव्हती, पण वग झाला. आम्ही पाच-सहा जणांनी तो लिहिला. राजाने दुष्काळी काम काढले आहे आणि कारकून हजेरीचे मस्टर वाचतो आहे, एवढीच गोष्ट. जे काम करताहेत त्यांची नावे मस्टरवर नाहीत, आणि ज्यांची नावे आहेत ते कोणी कामावर नाहीत. पाटलाच्या बैलाचे नाव मात्र आहे, आणि बैल 'हजर' म्हणून पगारही उचलतो. मग कारकून एका मेलेल्या माणसाचे नाव पुकारतो आणि मागून त्याची म्हातारी 'हजर' म्हणते, कारण पैसे न मिळाले तर घरात चूल पेटावयाची नाही. तेथून शेवटचे पद सुरू होत असे.

त्या रात्री मैदानाच्या कडेला खडीच्या कामावरून परतलेली माणसे उभी होती. बैलाने 'हजर' म्हटले तेव्हा हसण्याची जी लाट उठली ती पुढून मागे गेली नाही, मागून पुढे आली. म्हातारीने 'हजर' म्हटले तेव्हा सर्व मैदान गप्प झाले. आमच्या आयुष्यात पुढे आम्ही बरीच नाटके पाहिली, परंतु तशी शांतता क्वचितच ऐकली.

शेवटचे पद म्हणू नका, असे आम्हांला आधी सुचविण्यात आले होते. आम्ही ते म्हटले. त्याबद्दल कोणी शिक्षा केली नाही, रागेही भरले नाही. दुसऱ्या दिवशी वही तेवढी 'पाहावयास' मागून घेतली गेली. ती परत आली नाही. आम्हीही परीक्षेच्या गडबडीत ती मागितली नाही. आज पन्नासहून अधिक वर्षे लोटल्यावर त्या पदाची चाल आम्हांला आठवते, ती बोटांनी टेबलावर वाजवूनही दाखविता येईल. शब्द आठवत नाहीत. बरोबरचे जे दोघे आहेत त्यांनाही आठवत नाहीत. वही कोणी जाणून नाहीशी केली असे आम्ही म्हणत नाही. बहुधा ती रद्दीत गेली असेल आणि तिच्या पानांत कोणी शेंगदाणे बांधून नेले असतील. पण दुष्काळात या भागातील मुलांनी काय पाहिले आणि त्यावर ती कशी हसली, याचा एक कागद होता, तो गेला.

आमची वही गेली ही गोष्ट लहान आहे. अशा सर्वच वह्या जातात, ही गोष्ट मोठी आहे.

विद्यार्थ्यांच्या या कलेला विद्यापीठांनी आश्रय दिला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. आपले मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहत असत. १४ जानेवारी १९९४ पासून आपले विद्यापीठ डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करून आहे. त्याच वर्षी नांदेडला निराळे विद्यापीठ झाले, पण धाराशिव जिल्हा जुन्याच विद्यापीठात राहिला. या विद्यापीठाच्या युवक महोत्सवात उमरग्याची मुले जातात. तेथे लोकनाट्य आहे, प्रहसन आहे, पोवाडा आहे, भारूड आहे. गावच्या पारावर जे होत होते ते आता परीक्षकांच्या टेबलासमोर होते.

परीक्षकांच्या टेबलाचा गुण आहे तसा दोषही आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या महोत्सवात प्रहसनाला दहा मिनिटे मिळतात आणि रंगमंचावर सहांहून अधिक मुले येऊ शकत नाहीत. ध्वनिमुद्रित गाणे चालत नाही, ही चांगली गोष्ट. त्यामुळे मुलांना स्वतः गावे लागते. पण दहा मिनिटांत गण-गवळण बसत नाही. सोंगाड्याला रमावयास, प्रेक्षकांशी दोन शब्द बोलावयास, ऐन वेळी सुचलेली ओळ टाकावयास सवड राहत नाही. घड्याळाकडे पाहत केलेला विनोद नेमका होतो, पण पसरत नाही. शिवाय संहितेच्या तीन प्रती आधी द्याव्या लागतात, त्याही हिंदीत किंवा इंग्रजीत. म्हणजे उमरग्याच्या मुलाने दखनी-कानडी-मराठीत रचलेला विनोद कागदावर परक्या भाषेत नोंदला जातो आणि मूळ बोल हवेत विरतात.

पुण्यात १९७४ पासून चालणाऱ्या फिरोदिया करंडक स्पर्धेने निराळी वाट काढली आहे. नाट्य, गायन, वादन, नृत्य, चित्रकला अशा अनेक कला एकाच कथेत गुंफाव्यात, अशी तिची अट असते. एक मुलगा चित्र काढतो आहे, त्याच वेळी दुसरी मुलगी गाते आहे, आणि या साऱ्यातून गोष्ट पुढे सरकते आहे, असे दृश्य तेथे दिसते. लेखन, संगीत, नेपथ्य ही सारी कामे विद्यार्थी अंगावर घेतात. विद्यार्थ्यांच्या संगीत-रेव्ह्यूच्या सर्वांत जवळ जाणारी महाराष्ट्रातील परंपरा आम्हांला हीच दिसते. पण तिच्यावरही तो 'हसावे की न हसावे'चा क्षण येऊन गेला. डिसेंबर २०१९ मध्ये काही राजकीय व धार्मिक विषय टाळावेत असा नियम आयोजकांनी घातला. त्यावर टीका झाली आणि नियम मागे घेण्यात आला. आयोजकांची अडचण आम्ही समजू शकतो. स्पर्धा चालविणाऱ्यास सभागृह सांभाळावयाचे असते, मुले सुखरूप घरी पोचवावयाची असतात. पण विषयांची यादी करून विनोद सुरक्षित होत नाही. ज्या विषयावर बोलू नका असे सांगितले, तोच विषय सोंगाड्याच्या नुसत्या गप्प बसण्यानेही बोलला जातो.

येथे दुसरी बाजूही मोकळेपणाने मांडली पाहिजे. विद्यार्थ्यांचा सर्वच विनोद पवित्र असतो असे नाही. स्नेहसंमेलनातील 'शेलापागोटे' आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. एखाद्या मुलीच्या रंगावरून, एखाद्या मुलाच्या तोतरेपणावरून, कोणाच्या जातीवरून किंवा घरच्या धंद्यावरून काढलेला चिमटा टाळ्या घेतो आणि एका माणसाला आयुष्यभर सलत राहतो. बाहेरच्या विद्यापीठांतही हा दोष होताच. हार्वर्डच्या त्या मंडळाच्या रंगमंचावर स्त्रियांची सोंगे पुरुषच घेत, आणि मुलींना पात्रयोजनेत स्थान मिळावयास २०१९ साल उजाडावे लागले. म्हणजे परंपरा जुनी असली की ती न्यायी असतेच असे नाही.

मग मर्यादा कोठे आखावी? राष्ट्रीय महोत्सवाच्या नियमांत, विडंबन निष्पाप असावे अशी अपेक्षा व्यक्त केलेली आहे. आमच्या मते हा शब्द फसवा आहे. कोणालाच न टोचणारे विडंबन म्हणजे मिठावाचूनची भाकरी. खरा प्रश्न टोचावे की नाही हा नसून कोणाला टोचावे हा आहे. वगाच्या जुन्या साच्यात याचे उत्तर आहे. तेथे सोंगाड्या राजाची थट्टा करतो, राजा सोंगाड्याची करीत नाही. थट्टा खालून वर जाते तेव्हा ती वग असते. वरून खाली येते तेव्हा ती नुसती टवाळी असते. आमच्या मस्टरच्या वगात म्हातारीला कोणी हसले नाही, सर्व कारकुनाला हसले, आणि तो वग चांगला होता असे म्हणावयास आम्हांला एवढे एकच कारण पुरते. वडीलधाऱ्यांनी मुलांची वही तपासावयाचीच असेल तर या कसोटीने तपासावी. आपल्यावर काय लिहिले आहे ते सोडून द्यावे आणि दुबळ्यावर काय लिहिले आहे ते पाहावे.

वही जपली तर काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. कोलंबिया विद्यापीठात १९२० साली विद्यार्थ्यांचा 'फ्लाय विथ मी' नावाचा खेळ झाला. पन्नास वर्षांनंतरच्या काळात, बोल्शेविकांच्या हाती गेलेल्या एका बेटावर तो घडतो. त्याला चाली लावणारा मुलगा सतरा वर्षांचा होता, त्याचे नाव रिचर्ड रॉजर्स. बहुतेक पदे लॉरेन्झ हार्टची होती आणि काहींत ऑस्कर हॅमरस्टाईनचा हात होता. पुढे रॉजर्स आणि हॅमरस्टाईन या जोडीने १९५९ साली 'द साउंड ऑफ म्यूझिक' हे संगीतनाटक दिले, ज्याचा चित्रपट आपल्याकडेही अनेकांनी पाहिला आहे. त्या पोरवयातील खेळाची बाडे टिकली होती, म्हणून साठ वर्षांनी, १९८० साली, कोलंबियाच्या विद्यार्थ्यांना तो पुन्हा उभा करता आला. इंग्लंडमध्येही तसेच. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील विद्यार्थी-रेव्ह्यूंतून तयार झालेल्या चार तरुणांनी १९६० साली एडिंबरोला 'बियाँड द फ्रिंज' केले, आणि त्या देशातील राजकीय विनोदाचे वळण बदलले.

आमचा मुद्दा आमच्या मुलांतून रॉजर्स निघेल असा नाही. निघेल न निघेल. मुद्दा असा की, त्या विद्यापीठांना आपल्या पोरांचा पोरखेळ जपावा असे वाटले. आपल्याकडेही जे छापले गेले ते राहिले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य चिटणीस यांनी लिहिलेले 'युगयात्रा' हे नाटक तेथील विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात उभे केले. ते शिक्षकाचे लेखन होते आणि ते पुस्तकरूप झाले, म्हणून दलित रंगभूमीच्या इतिहासात त्याची आज आठवण निघते. विद्यार्थ्यांच्या वह्यांना हे भाग्य लाभत नाही.

कोणी विचारील, या पोरकट वह्यांत जपण्यासारखे असते तरी काय? या तालुक्याने दुष्काळ पाहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप पाहिला. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले आणि आज लोहारा तालुक्यात गेलेले सास्तूर त्यात जमीनदोस्त झाले. या घटनांचे सरकारी अहवाल आहेत, त्यांत आकडे आहेत. पण रेशनच्या रांगेत माणसे एकमेकांना काय म्हणत होती, मदतीच्या मालमोटारींवरची कोणती पाटी पाहून त्यांना त्याही दिवसांत हसू फुटले, हे अहवालात येत नाही. ते वगात येते. भाषेतील ताजे शब्द, गावातील ताजी दुःखे आणि अधिकाराच्या ताज्या तऱ्हा यांची पहिली नोंद वर्तमानपत्राच्याही आधी सोंगाड्या करतो. त्याची वही हा गावाच्या इतिहासाचा कागद आहे.

तेव्हा करावयाचे काय? मोठ्या योजनेची गरज नाही. प्रत्येक वगाच्या तीन प्रती असाव्यात. एक लिहिणाऱ्यांकडे, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, आणि एक गावच्या वाचनालयात. पहिल्या पानावर वर्ष, लिहिणाऱ्यांची आणि काम करणाऱ्यांची नावे असावीत. प्रत्येक पदाच्या डोक्यावर त्याची चाल लिहावी, कारण शब्द राहिले आणि चाल गेली तरी विडंबन मरते. ज्या गोष्टीवर सर्व हसले ती काय होती हे दोन ओळींत समासात टिपावे. आज सर्वांना कळलेला विनोद दहा वर्षांनी कोणालाच कळत नाही. आणि वही बोलीतच लिहावी, शुद्ध करू नये. हल्ली सर्वांच्या खिशात चित्रण करणारा मोबाइल असतो, म्हणून वहीची गरज सरली असे मुलांना वाटते. पण मोबाइल दोन-तीन वर्षांत बदलतो आणि त्यातला वग त्याच्याबरोबर जातो. कागद गरीब असला तरी दीर्घायुषी आहे.

वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सुरू झाली आणि गावोगाव पोचली. व्याख्यानमालेत जाणते बोलतात आणि तरुण ऐकतात. हे योग्यच आहे. परंतु वर्षातून एका रात्री तरुणांनी बोलावे आणि जाणत्यांनी ऐकावे, हेही तितकेच योग्य आहे, आणि विद्यार्थ्यांचा वग ही ती रात्र होय. पुढच्या स्नेहसंमेलनाला आपण सर्वांनी जावे, शक्य तर पहिल्या रांगेत बसावे. राजाच्या सोंगात आपलाच चेहरा दिसला तर शेजाऱ्याकडे न पाहता आधी हसावे. आणि पडदा पडल्यावर त्या चांगल्या अक्षराच्या मुलाला बोलावून एवढेच विचारावे, "बाळा, वही कोठे ठेवलीस?"